डबे, बोर्ग आणि रात्री दोनचा फोन

परवा हापिसात नव्याने आलेल्या पोराने विचारलं, "डॉकरने कंटेनर चालतोय ना? मग मध्येच हे कुबरनेटीज कशाला?" चहा संपेपर्यंत जमलं तेवढं सांगितलं. उरलेलं इथे.

आधी माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत (नाव नको) आमचे चार सर्व्हर होते. कुठली सर्व्हिस कुठल्या सर्व्हरवर, हे एका एक्सेल शीटमध्ये! एकदा रात्री दोनला फोन आला, एक सर्व्हर मेला. डोळे चोळत शीट उघडली आणि त्याच्यावरच्या सर्व्हिसेस उरलेल्या तिघांवर एकेक करून चढवल्या. पहाटे साडेचारला झोपलो. शीट जुनी होती आणि एक सर्व्हिस तिच्यात नव्हतीच, हे सकाळी दहाला ग्राहकांनी कळवलं.

आता कंटेनर म्हणजे काय, तर प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात. कल्पना जुनीच. युनिक्समध्ये १९७९ साली 'सीएच-रूट' आलं, तिथपासूनची. गूगलच्या इंजिनिअरांनी २००६ मध्ये लिहायला घेतलेले 'सीग्रुप्स' २००८ च्या जानेवारीत लिनक्समध्ये आले, आणि कुठल्या प्रोसेसने किती मेमरी खायची याला लगाम बसला. मग मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्सने पायकॉनमध्ये पाचेक मिनिटांत डॉकर दाखवलं. डबा भरणं एकदम सोपं झालं. पण डबा ठेवायचा कुठे, आणि ठेवलेलं मशीनच गेलं तर? ते काम अजून माझ्यासारख्याच्याच गळ्यात.

गूगलला हा प्रश्न कधीच पडून गेला होता. त्यांची 'बोर्ग' ही सिस्टिम २००३-०४ च्या सुमाराची. तिचा एक 'सेल' म्हणजे साधारण दहा हजार मशीन्स. एवढ्यांत रोज काही ना काही मरणारच, दर वेळी कुणाला उठवणार? म्हणून तिथे हुकूम उलटा झाला. "तीन नंबरच्या सर्व्हरवर हे चालू कर" असं सांगायचंच नाही. "याच्या चार प्रती चालू हव्यात" एवढंच लिहून ठेवायचं. हव्यात किती आणि आहेत किती, हे सिस्टिम सतत ताडून बघते आणि फरक भरून काढते. माझी एक्सेल शीटच ती, फक्त स्वतःहून कामाला लागणारी.

हाच विचार घेऊन जो बेडा, ब्रेंडन बर्न्स आणि क्रेग मॅक्लकी यांनी कुबरनेटीज सुरू केलं. जून २०१४ मध्ये गूगलने ते जाहीर केलं. ग्रीकमध्ये अर्थ सुकाणूवाला (आपला तांडेल म्हणा!). आतलं टोपणनाव होतं 'प्रोजेक्ट सेव्हन', स्टार ट्रेकमधल्या एका बोर्ग बाईवरून. लोगोतल्या चाकाला सात आरे आहेत ते त्यामुळेच.

स्पर्धेत मेसॉस होतं, डॉकरचं स्वतःचं स्वॉर्मही होतं. स्वॉर्म शिकायला कितीतरी सोपं. तरी हरलं. माझ्या मते कारण तांत्रिक कमी आणि व्यवहाराचं जास्त. जुलै २०१५ मध्ये १.० आवृत्तीबरोबरच गूगलने कुबरनेटीज एका तटस्थ फाउंडेशनच्या स्वाधीन केलं, त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांनाही ते वापरताना गूगलच्या दारात उभं राहावं लागलं नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये खुद्द डॉकरने कुबरनेटीजला जागा दिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांचा एंटरप्राइझ धंदा मिरँटिसकडे गेला. ज्यांनी डबा घरोघरी पोचवला, त्यांच्या हाती सुकाणू काही आलं नाही.

आणि हो, जादू नाही हं ही. मशीन गप्प झालं की त्यावरचे डबे दुसरीकडे हलवायच्या आधी मूळ सेटिंगप्रमाणे पाचेक मिनिटं वाट बघितली जाते. शिवाय तुम्ही चूक लिहिलीत, तर तीही निष्ठेने पाळली जाते. मी एकदा डेटाबेसचा पासवर्ड चुकीचा टाकला. सर्व्हिस पडली, दहा सेकंदांनी उठवली, पडली, मग वीस, मग चाळीस... असं पाच मिनिटांपर्यंत वाढत रात्रभर. फोन आलाच!

एवढं ऐकून पोरगा म्हणाला, "सर, आपल्या या प्रोजेक्टला सर्व्हर किती?"

दोन. चहाचे पैसे मी दिले.