मध्यभूमीची दुसरी फेरी

जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. ऑक्सफर्डच्या या भाषापंडिताने आधी भाषा घडवल्या आणि मग त्या बोलणारे लोक, त्यांचे वंश, त्यांची राज्ये. गोष्ट आता चित्रपटांमुळे बहुतेकांना ठाऊक असते. मग हजारेक पानांचा हा ग्रंथ पुन्हा कशाला उघडायचा, असे तुम्ही विचाराल, तर ते रास्तच आहे.

पहिल्या खंडातला थडग्यांच्या टेकड्यांचा प्रसंग घ्या. हॉबिट तिथे अडकतात, टॉम बॉम्बाडिल त्यांना सोडवतो आणि थडग्यातले जुने खंजीर त्यांच्या हाती देतो. प्रथम वाचताना हे आडवळण वाटते, कारण आपल्याला पुढे जायची घाई असते. चित्रपटाने तर ते गाळूनच टाकले. पण पेलेनॉरच्या रणात मेरी विच-किंगच्या गुडघ्यामागे वार करतो तो याच खंजिराने, आणि तो घडवला गेला होता त्याच राजाच्या अंगमारशी लढण्यासाठी, कित्येक शतकांपूर्वी. टॉल्किन हे चार ओळींत सांगून मोकळे होतात.

माणसांचेही तेच. किरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर फ्रोडो झोपलेला असताना गॉलम अलगद त्याच्या गुडघ्याला हात लावतो. क्षणभर तो नुसता थकलेला म्हातारा हॉबिट दिसतो. तेवढ्यात सॅम जागा होऊन खेकसतो, आणि तो क्षण हातचा जातो. पहिल्या वाचनात आपण सॅमच्या बाजूचे असतो. पुढे शेलॉबची गुहा आहे हे ठाऊक झाल्यावर ते खेकसणे ऐकवत नाही. तरीही सॅमला दोष देववत नाही. धन्याची राखण करणारा तो दुसरे काय करणार?

दुसऱ्या फेरीत वाचकांनी परिशिष्टांतली सनावळी शेजारी उघडी ठेवावी. वंशावळी कंटाळवाण्या वाटल्या तर खुशाल ओलांडाव्यात, पण अ‍ॅरागॉर्न आणि आर्वेनची कथा चुकवू नये. सनावळीचा उपयोग काळ्या दरवाजापाशी कळेल. शत्रूचा दूत तिथे फ्रोडोचे चिलखत दाखवतो, आणि गँडाल्फच्या सोबत्यांचा धीर सुटतो. प्रथम वाचताना आपणही त्यांच्याइतकेच अंधारात असतो. या खेपेस तुम्हाला ठाऊक असेल, की सॅमने फ्रोडोला सोडवून दहा दिवस झाले आहेत.