चिठ्ठी, शिक्का आणि स्वतःचे काम : गिरगाव ते लालबाग, नोकरीच्या शोधाचा इतिहास

मराठीत नोकरी मागणाऱ्याला 'उमेदवार' म्हणतात. हा शब्द फारसीतून आला असून 'उमेद बाळगणारा', म्हणजे आशेवर असलेला, हा त्याचा मूळ अर्थ आहे. कचेरीत जागा रिकामी होईपर्यंत बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर काम शिकत राहणे, याला 'उमेदवारी करणे' म्हणत आणि छापखान्यापासून सोनाराच्या पेढीपर्यंत अनेक धंद्यांत ही रीत होती. उमेदवारीमागची अडचण साधी असली तरी मूलभूत आहे: काम देणाऱ्याला अनोळखी माणसाच्या अंगचे कसब दिसत नाही, आणि काम मागणाऱ्याला ते काम मिळाल्याशिवाय दाखवता येत नाही. म्हणून त्या कसबाविषयी कोणीतरी साक्ष द्यावी लागते. गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या मुंबईच्या मराठी वस्त्यांत ही साक्ष कोणी द्यायची, याचे उत्तर दीडशे वर्षांत तीन प्रकारे दिले गेले: प्रथम ओळखीच्या माणसाने, नंतर शिक्क्याच्या कागदाने, आणि फार थोड्यांच्या बाबतीत उमेदवाराच्या स्वतःच्या प्रसिद्ध कामाने.

कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेव येथील कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी या पट्ट्यात गिरण्यांची इतकी दाटी झाली, की या भागाला 'गिरणगाव' हेच नाव पडले. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून येणारा तरुण बोटीतून किंवा गाडीतून उतरल्यावर गिरणीत जात नसे. तो आधी 'गाववाल्या'च्या खोलीवर जाई. एका खोलीत अनेक पुरुष पाळीपाळीने झोपत, खानावळवालीकडे उधारीवर जेवत, आणि त्यांच्यापैकी कोणाचा तरी एखाद्या खात्यातील जॉबरशी परिचय असे. जॉबर, ज्याला मुकादमही म्हणत, हा खात्यातील कामगारांवर देखरेख करणारा माणूस असला, तरी त्याचे खरे बळ भरतीत होते, कारण कोणाला कामावर घ्यायचे आणि कोणाला कमी करायचे, हे प्रत्यक्षात तोच ठरवी. वाइंडिंग आणि रीळिंग खात्यांत, जेथे स्त्रिया काम करीत, तेथे हीच सत्ता 'नायकिणी'कडे असे. काम लावून दिल्याबद्दल जॉबरला पैसे द्यावे लागत आणि त्या देण्याला 'दस्तुरी' म्हणत. लाचेसाठी असा रिवाजाचा शब्द रूढ व्हावा, यावरूनच ती किती सर्रास घेतली जात होती, हे दिसते.

जॉबरला केवळ जुलमी दलाल मानणे मात्र अपुरे ठरते. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवल्याप्रमाणे त्याची सत्ता गिरणीच्या फाटकाआत जितकी होती, तितकीच ती वस्तीतील संबंधांवर उभी होती. त्याला माणसे जमवता यावी लागत, ती टिकवावी लागत, आणि संपाच्या वेळी त्यांच्या बाजूने उभे राहिले नाही तर पत गमवावी लागे. नव्या माणसाबद्दल मालकाला काहीच ठाऊक नसताना जॉबरचा शब्द हीच एक हमी होती. या व्यवस्थेचा खरा दोष असा, की ही हमी कामगाराच्या हातात कधीच येत नसे. खाते किंवा गिरणी बदलली, जॉबर गेला किंवा रुसला, की वीस वर्षे काम केलेला माणूस पुन्हा फाटकावर नवखा होऊन उभा राही.

हाच दोष बदली कामगाराच्या जगण्यात सर्वांत तीव्र होता. गैरहजर असलेल्या कायम कामगाराच्या जागी एका दिवसापुरता घेतला जाणारा तो 'बदली'. रोज सकाळी भोंग्याच्या आधी फाटकाशी उभे राहायचे, आत बोलावले तर त्या दिवसाची मजुरी, नाही तर परत खोलीवर. भारतातील कामगारांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या रॉयल कमिशनने, म्हणजे व्हिटली कमिशनने, १९३१ च्या अहवालात जॉबरकडून भरतीचा अधिकार काढून घ्यावा, असे सांगितले. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने 'बदली नियंत्रण योजना' आणली, ज्यानुसार ठरावीक बदल्यांना दर महिन्याला कार्डे देऊन रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या होत्या. एका माणसाच्या शब्दाऐवजी कामगाराच्या खिशातील कार्ड, हा बदल लहान दिसला तरी महत्त्वाचा होता. परंतु कार्डावर हजेरीचा हक्क नोंदवला जाई, कसब नव्हे.

ओळखीवर चालणाऱ्या भरतीत जातीचा अडसर कसा काम करी, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण साचाखात्यात, म्हणजे माग चालणाऱ्या विणकाम विभागात दिसते. तेथील मजुरी तुलनेने चांगली होती, परंतु अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना ते खाते जवळजवळ बंद होते. धोट्यात नवी कांडी घातली, की तिच्यावरील सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढण्यासाठी विणकर ते तोंडाने ओढून घेत. एका धोट्याला अनेकांचे ओठ लागत, आणि म्हणून 'विटाळ' होतो, असे कारण पुढे केले जाई. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. माणसाच्या हातातील कसबावर विश्वास ठेवणे दूरच, ते पाहण्यासही नकार देणारी ही व्यवस्था होती.

गिरगावातील चित्र वेगळे होते. तेथील चाळींतून राहणारा मराठी मध्यमवर्ग कोटातील, म्हणजे फोर्टमधील, सरकारी कचेऱ्या, बँका, विमा कंपन्या आणि रेल्वेच्या कार्यालयांकडे पाहत असे. तेथेही 'वशिला' लागे आणि परिचितांची चिठ्ठी घेऊन साहेबाला भेटण्याची प्रथा होती, परंतु त्या चिठ्ठीच्या जोडीला इंग्रजी अर्ज, परीक्षेचे प्रमाणपत्र आणि वर्तणुकीचा दाखला असे कागद आवश्यक होत गेले. यातूनच टंकलेखन आणि लघुलेखन यांचे वर्ग गिरगाव-दादरच्या जिन्यांवरून आणि माडीवरच्या खोल्यांतून फोफावले. सकाळी सहापासून तासातासाच्या तुकड्या बसत. डाव्या हाताची चार बोटे ए, एस, डी, एफ या अक्षरांवर ठेवून, कळांकडे न पाहता तीच ओळ पानभर उतरवण्यापासून शिक्षण सुरू होई. सरकारी परीक्षेत टंकलेखनासाठी मिनिटाला ३० किंवा ४० शब्द आणि लघुलेखनासाठी ६०, ८०, १००, १२० अशा पायऱ्या असत. या आकड्यांचे सामाजिक मोल मोठे होते, कारण ज्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरात कोणी साहेबाच्या ओळखीचा नव्हता, त्यांनाही '८० चा स्पीड' हे सर्वांना समजणारे आणि कोणालाही तपासता येणारे परिमाण हाती आले.

गिरणगावातही कागदाची ही वाट काहींनी धरली. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्तीत रात्रीच्या शाळा आणि वाचनालये चालवली, आणि दिवसा खात्यात काम करून रात्री बाकावर बसणारा विद्यार्थी ही परळची ओळख झाली. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांच्या मोफत वाचनकक्षांत वर्तमानपत्रांतील 'पाहिजेत'च्या जाहिराती उतरवून घेता येत. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ मध्ये, सैन्यातून परतणाऱ्यांसाठी सुरू झालेली सेवायोजन कार्यालये काही वर्षांत सर्वांना खुली झाली. रिकाम्या जागा या कार्यालयांना कळवणे बंधनकारक करणारा १९५९ चा कायदा १ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले त्याच दिवशी, अमलात आला.

कागदाच्या या राज्यात नवा साक्षीदार निर्माण झाला. प्रमाणपत्राची नक्कल 'खरी प्रत' आहे, असे लिहून राजपत्रित अधिकाऱ्याने सही-शिक्का केल्याशिवाय अर्ज ग्राह्य धरला जात नसे. या क्रियेला 'साक्षांकन' म्हणतात. ज्या चाळीत असा अधिकारी राहत नसे, तेथील मुलांना एका सहीसाठी पुन्हा ओळख शोधावी लागे. जॉबर गेला, तरी मधला माणूस पूर्णपणे गेला नाही.

नोकरीचा प्रश्न व्यक्तीऐवजी समूहाचा म्हणून मांडण्याचा प्रयत्नही याच काळात आणि छापील अक्षराच्याच साहाय्याने झाला. 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये व्यंगचित्रकार राहिलेल्या बाळ ठाकरे यांनी १३ ऑगस्ट १९६० रोजी 'मार्मिक' साप्ताहिक सुरू केले; त्यात मुंबईतील मोठ्या आस्थापनांतील अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून मराठी तरुणांना डावलले जात असल्याचे प्रतिपादन केले गेले आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली. मराठी सुशिक्षितांच्या बेकारीला या लेखनाने वाचा फोडली, परंतु त्याच वेळी पोटासाठीच मुंबईत आलेले दाक्षिणात्य नोकरदार रोषाचे लक्ष्य झाले, ही या प्रकरणाची दुःखद बाजू नोंदवणे आवश्यक आहे.

तिसऱ्या प्रकारची साक्ष, म्हणजे उमेदवाराने स्वतःचे काम लोकांसमोर ठेवणे, ही प्रथम चित्रकार आणि लेखक यांना साधली. सर ज. जी. कलाशाळेत १९३५ मध्ये उपयोजित कलेचा विभाग सुरू झाल्यानंतर जाहिरात संस्थेत जाणारा तरुण प्रमाणपत्रापेक्षा चित्रांच्या नमुन्यांची वही पुढे करी. १९४५ मध्ये दीनानाथ दलाल यांनी सुरू केलेल्या 'दीपावली'सारख्या अंकांतील मुखपृष्ठे आणि रेखाटने ही हजारो घरांत पोहोचणारी ओळखपत्रे होती. लालबाग-परळच्या नाक्यांवर मंडळांचे फळे असत. त्यांवर रंगीत खडूने वळणदार सूचना लिहिणाऱ्या मुलाचा हात साऱ्या वस्तीला ठाऊक होई आणि पाट्या रंगवण्याचे काम त्याच्याकडे आपोआप येई. शब्दांच्या बाबतीत मात्र ही साक्ष पगारापर्यंत पोहोचतेच असे नाही. गिरणी कामगाराच्या घरी वाढलेले कवी नारायण सुर्वे महापालिकेच्या शाळेत शिपाई होते आणि पुढे शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा पहिला संग्रह १९६२ मध्ये आला. कवितेने त्यांना महाराष्ट्राचे प्रेम मिळवून दिले, पण शाळेच्या वर्गात शिक्षक म्हणून उभे राहण्यासाठी परीक्षाच द्यावी लागली.

स्वतःच्या लेखनाने स्वतःची योग्यता सिद्ध करण्याचे सर्वांत थोर उदाहरण याच परळमध्ये घडले. १९१७ च्या ऑगस्टमध्ये कोलंबिया आणि लंडन येथील शिक्षण घेऊन आंबेडकर मुंबईला परतले आणि बडोदा संस्थानच्या नोकरीवर गेले. परंतु तेथे राहायला जागाही मिळू न दिल्यामुळे काही आठवड्यांतच ते परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील आपल्या दोन खोल्यांत परत आले. त्यानंतर जवळपास एक वर्ष देशातील एक अत्यंत विद्वान तरुण अर्थशास्त्रज्ञ शिकवण्या करीत कामाच्या शोधात होता. शेअर-व्यवहारात सल्ला देण्याचा त्यांनी सुरू केलेला व्यवसायही, सल्लागाराची जात कळताच ग्राहक फिरकेनासे झाल्यामुळे, बंद पडला. मात्र याच सुमारास त्यांचे लेखन प्रसिद्ध होत होते. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात वाचलेला भारतातील जातींवरील त्यांचा निबंध मे १९१७ च्या 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. १९१८ मध्ये 'जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी'त त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांच्या प्रश्नावर विस्तृत लेख लिहिला. नुसते तुकडे एकत्र करून भागणार नाही, जमिनीवरील जादा माणसांना उद्योगधंद्यांत काम मिळाले पाहिजे, असा त्या लेखाचा निष्कर्ष होता. गिरण्यांच्या भोंग्यांनी वेढलेल्या वस्तीत राहणाऱ्या लेखकाला हा प्रश्न पुस्तकी नव्हता. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची तात्पुरती नेमणूक झाली.

या नेमणुकीचे श्रेय केवळ लेखांना देणे इतिहासाला धरून होणार नाही, कारण मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी लंडनमध्ये झालेला परिचय येथे उपयोगी पडला, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. म्हणजे आंबेडकरांनाही शिफारशीची गरज पडली. नेमणुकीनंतरही सहकारी प्राध्यापकांपैकी काहींनी पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली. पण शिफारस दारापर्यंतच नेते. वर्गात आरंभी साशंक असलेले विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानांनी जिंकले गेले आणि इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही ऐकण्यास येऊ लागले, ते त्यांच्या अभ्यासामुळे. जातीने ज्याच्याविषयी सर्व साक्षी आधीच देऊन ठेवल्या होत्या, त्याने छापील पानावर स्वतःची साक्ष उभी केली आणि ती कोणालाही खोडता आली नाही.

या तीन साक्षींतील फरक गिरणगावाला १८ जानेवारी १९८२ नंतर अत्यंत कठोरपणे जाणवला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यांतील असंख्यांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. सूत तुटण्याचा आवाज यंत्रांच्या गदारोळात ओळखणारे, चार-चार साचे एकट्याने सांभाळणारे हे लोक होते. परंतु त्यांचे कसब जॉबरच्या स्मरणात आणि हजेरीच्या कार्डात होते, त्यांच्या स्वतःच्या हाती दाखवता येईल असे काहीच नव्हते. म्हणून निष्णात विणकर वॉचमन झाला, भाजीची गाडी लावू लागला किंवा गावी परतला. मागणीच घटलेल्या धंद्यात कोणत्याही कागदाने सर्वांना काम दिले असते असे नाही, परंतु त्यांच्या ज्ञानाची नोंद न राहणे हा मुंबईने त्यांच्यावर केलेला आणखी एक अन्याय होता.

२०१४-१५ च्या सुमारास केंद्र आणि राज्य शासनाने बहुतेक कामांसाठी राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीऐवजी अर्जदाराचे 'स्वसाक्षांकन' मान्य केले. जॉबरच्या शब्दापासून अर्जदाराच्या स्वतःच्या सहीपर्यंतचा हा प्रवास दीडशे वर्षांचा आहे. परंतु स्वतःची सही म्हणजे स्वतःचे काम नव्हे. आपण काय शिकलो, काय केले आणि कसे केले, हे लिहून लोकांसमोर ठेवणे हीच पूर्ण अर्थाने स्वतःची साक्ष होय. १९१८ च्या नेमणुकीमागील शिफारस आज केवळ चरित्राच्या पानांत उरली आहे. उमेदवाराचे दोन्ही निबंध मात्र महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये प्रकाशित केलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या पहिल्या खंडात आजही कोणालाही वाचता येतात.