मल्लखांब : कोठुऱ्याची कथा आणि खांबाचा इतिहास



मल्लखांब हा विषय नाशिककरांस परका नाहीं. यशवंत व्यायामशाळेसारख्या आपल्या शहरांतील संस्थांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलें ह्या खांबावर चढत आलीं आहेत. परंतु जी विद्या आपल्या जिल्ह्याची म्हणून आपण अभिमानानें सांगतों, तिच्याविषयींची आपली माहिती एका गोष्टीपलीकडे सहसा जात नाहीं. ती गोष्ट प्रथम सांगतों आणि मग ती कितपत टिकते तें पाहूं.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत निजामाच्या राज्यांतून अली आणि गुलाब हे दोन मल्ल पुण्यास आले व त्यांनीं दरबारच्या पहिलवानांस आव्हान दिलें. कोणी पुढें होईना. तेव्हां निफाड तालुक्यांतील गोदाकांठच्या कोठुरे गांवचे बाळंभट देवधर उठले. त्यांनीं कांहीं दिवसांची मुदत मागून घेतली, ते सप्तशृंगीच्या गडावर जाऊन अनुष्ठानास बसले, आणि तेथें मारुतीनें दृष्टांत देऊन त्यांस खांबावरच्या पकडी शिकविल्या. परत येऊन त्यांनीं अलीस चीत केलें. तें पाहून गुलाबानें लढण्याचें नाकारलें. कोणी असेंही सांगतात कीं दृष्टांत वगैरे कांहीं नसून झाडांवर खेळणारीं वानरें पाहून त्यांस ही युक्ति सुचली. पुढें ते बाळंभटदादा ह्या नांवानें ओळखले जाऊं लागले.

गोष्ट मोठी रम्य आहे, आणि मुखोमुखीं चालत आलेल्या गोष्टींप्रमाणें सांगणाऱ्यागणिक थोडीथोडी बदलते. पण खांबाचा इतिहास बाळंभटदादांच्या पुष्कळ मागें जातो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या विनोदांचें वर्णन करतांना त्यानें मल्लांची निवड, त्यांचा आहार व त्यांची मेहनत ह्यांची हकीकत दिली आहे, आणि त्या मेहनतींत स्तंभावर करावयाचे श्रमही आहेत. म्हणजे बाजीरावाच्या आधीं सुमारें साडेसहाशें वर्षें मल्ल खांबाशीं झटत होते. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत छापला गेला तो विसाव्या शतकांत. तोंपर्यंत तालमींतल्या वस्तादांस त्याची वार्ता असण्याचें कारण नव्हतें, आणि त्यांनीं आपल्या गुरूसच विद्येचा आद्य पुरुष मानिलें ह्यांत नवल नाहीं. माझ्या मतें बाळंभटदादा हे मल्लखांबाचे जनक नव्हेत. ते त्याचे पुनरुद्धारक होत. ह्यानें त्यांचा मोठेपणा तिळभरही उणा होत नाहीं.

असा प्रकार केवळ आपल्याकडेच घडतो असें नाहीं. चीन देशांत ताई ची नांवाची एक विद्या आहे. हल्लीं आपल्या शहरांतील बागांतूनही कोणी कोणी ती करतांना दिसतात. तिच्याविषयीं अशी आख्यायिका आहे कीं झांग सानफेंग नांवाच्या योग्यानें वूदांग पर्वतावर एका पक्ष्याची व सर्पाची झुंज पाहिली आणि तींतून ही विद्या त्यास स्फुरली. पर्वत, तप, आणि प्राण्यांपासून घेतलेला धडा! आपला गड आणि आपलीं वानरें ह्यांची आठवण कोणास होणार नाहीं? १९३० च्या सुमारास तांग हाओ नांवाचा संशोधक हेनान प्रांतांतील चेनजियागौ ह्या खेड्यांत गेला. त्यानें तेथील घराण्यांचीं बाडें तपासलीं आणि ह्या विद्येचें मूळ सतराव्या शतकांतील चेन वांगतिंग नांवाच्या लढवय्यापर्यंत नेऊन पोंचविलें. पर्वतावरचा योगी मागें पडला आणि खेड्यांतला शिपाई पुढें आला.

त्या विद्येचें पुढें काय झालें हेंही ऐकण्यासारखें आहे. चेन घराण्याचा शिष्य यांग लूचान ह्यानें एकोणिसाव्या शतकांत ती पेकिंग शहरांत नेली. तेथें ती खरोखरीच लढण्याची कला म्हणून शिकविली जात असे. त्याचा नातू यांग चेंगफू ह्यानें तिच्या हालचाली संथ व सारख्या केल्या, त्यामुळें वृद्धांस आणि अशक्तांसही ती करतां येऊं लागली. १९५६ सालीं चिनी सरकारनें चोवीस हालचालींचा एक सोपा क्रम ठरवून दिला आणि तो लाखों लोकांनीं उचलला. वृद्धांचा तोल ह्या अभ्यासानें सुधारतो व त्यांचें पडणें कमी होतें हें आतां डॉक्टरही मान्य करतात. परंतु जुने चिनी उस्ताद म्हणत आले आहेत कीं कोणती हालचाल कोणत्या घावासाठीं आहे हें ज्यास ठाऊक नाहीं, त्याची हालचालही हळूहळू पोकळ होते. म्हणून ते एकट्यानें करावयाच्या क्रमाबरोबर दोघांनीं समोरासमोर हात भिडवून एकमेकांस ढकलण्याचा अभ्यासही ठेवतात.

आतां आपल्या खांबाकडे वळूं. पुरलेला मल्लखांब सागवानी किंवा शिसवी लांकडाचा असतो. जमिनीवर त्याची उंची साडेआठ फुटांच्या आसपास असते. तो तळाशीं जाड व वर निमुळता असून त्यास एरंडेल चोळलेलें असतें. त्याच्या भागांचीं नांवें लक्षांत घेण्यासारखीं आहेत. खालचें तें अंग, त्यावरची बारीक जागा ती मान, आणि माथ्यावर बोंड. हा खांब नसून उभा राहिलेला प्रतिमल्लच आहे! तालमींत जोडीदार रोज मिळत नाहीं. मिळाला तरी तो थकतो, चिडतो, दुखावतो. खांब ह्यांपैकीं कांहींच करीत नाहीं. पायांनीं त्याच्या अंगास घट्ट विळखा घालावयाचा ती अढी. खांब बगलेंत आवळून धरावयाचा ती बगली. दसरंग, घाणा, वेल, फरारे हे पुढले प्रकार ह्यांच्याच पायावर उभे राहतात. ज्याची अढी पक्की झाली त्यानें कुस्तींत सवारी भरली कीं खालच्यास सुटणें कठीण जातें. एरंडेलानें निसटत्या झालेल्या लांकडावर जी पकड टिकते ती घामानें निसटत्या झालेल्या अंगावरही टिकते, हें तर कोणीही सांगूं शकेल. चिनी लोक प्रतिपक्षी मनांत कल्पून वाऱ्यांत हात फिरवितात. आपल्या पूर्वजांनीं तो लांकडाचा करून जमिनींत पुरला. मला विचाराल तर आपली युक्ति अधिक रोखठोक आहे.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि बाजीराव वर्षास आठ लक्षांचें पेन्शन घेऊन गंगाकांठीं बिठूरास गेला. बाळंभटदादाही त्याच्याबरोबर गेले, आणि नानासाहेब, तात्या टोपे व झांशीची राणी ह्यांनीं तेथें मल्लखांबाचे धडे घेतले, असें परंपरा सांगते. काशीच्या आखाड्यांतही ही विद्या त्यांच्याच शिष्यशाखेनें नेली असें म्हणतात. १८७८ च्या कायद्यानें लोकांच्या हातांतील हत्यारें गेलीं. तालीम मात्र राहिली. बडोद्यास जुम्मादादांच्या आखाड्यांत प्रोफेसर माणिकराव ह्यांनीं देशी व्यायामास शिस्त आणली. स्वामी कुवलयानंद त्यांचेच शिष्य. त्यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाचा शरीरावर काय परिणाम होतो हें प्रयोगशाळेंत तपासण्यास आरंभ केला. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचें. त्याच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं जर्मन प्रेक्षकांसमोर मल्लखांब करून दाखविला. दादरचें श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चें. नाशकांत मात्र १९३७ सालीं डॉ. मुंजे ह्यांनीं भोंसला लष्करी शाळा काढली, आणि युद्धाचें शिक्षण घ्यावयाचें तें कवायत व बंदूक ह्यांचें, हें त्यावरून उघड झालें. खांबावर शिकून रणांगण गाजविण्याचे दिवस संपले होते.

मग खांबाचें झालें काय? तो क्रीडा झाला. १९८१ सालीं उज्जयिनीस पहिली अखिल भारतीय स्पर्धा भरली. २०१९ सालीं मुंबईच्या शिवाजी पार्कावर जागतिक स्पर्धा झाली आणि परदेशांतील मुलांमुलींनीं आपल्या खांबास सलामी दिली. समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे ह्यांस २०२४ सालीं पद्मश्री मिळाली. वेताच्या मल्लखांबाची जागा सुती दोरीनें घेतली, आणि दोरीवर मुलींनीं जें कौशल्य दाखविलें आहे तें पाहून जुने वस्ताद थक्क झाले असते.

ह्या सर्वांचा मला आनंद आहे. तथापि शिक्षक म्हणून अनेक वर्षें क्रीडांगणावर उभें राहिल्यामुळें एक गोष्ट सांगावीशी वाटते. खांबावर सुंदर आसन लावून टाळ्या घेणाऱ्या कित्येक मुलांनीं तांबड्या मातीच्या हौद्यांत पाय ठेविलेला नसतो. “ही पकड कशासाठीं?” असें मीं विचारलें कीं तीं म्हणतात, “गुणांसाठीं, गुरुजी.” उत्तर खोटें नाहीं, स्पर्धेंत पकडीस गुण असतातच. परंतु आठवड्यांतून एक दिवस जरी खांबावरचीं मुलें हौद्यांत उतरविलीं आणि कालची अढी आज जोडीदाराच्या कमरेस घालून पाहूं दिली, तरी त्यांस ती दुसऱ्या अंगानें कळेल. ह्यास खर्च कांहीं लागत नाहीं. हौदा आणि खांब पुष्कळ तालमींत एकाच छपराखालीं आहेत.

राहिला प्रकृतीचा प्रश्न. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थांनीं आजचें भाषण ऐकून उद्यां खांबाकडे धांव घेऊं नये. एरंडेलाचें लांकूड वयाची भीड ठेवीत नाहीं. त्यांच्यासाठीं सूर्यनमस्कार आहेत, आणि हवी तर ती संथ चिनी विद्याही आहे. मुलांना मात्र आठव्या-नवव्या वर्षीं, जाणत्या गुरूच्या देखरेखीखालीं, खालीं गादी घालून खांबावर चढवावें. पहिला महिना मांड्या व दंड सोलवटतील, आणि घरांतील आई “पुरे झालें तें” म्हणेल. दुसऱ्या महिन्यांत अढी बसूं लागते. मग मुलास खांबावरून उतरविणेंच कठीण होतें.