पालीचे पाऊल

सिंहगडाच्या कड्याला चिकटलेल्या यशवंती घोरपडीची गोष्ट आपण लहानपणीच ऐकली. मुधोळकर घोरपड्यांच्या नावामागेही तशीच आख्यायिका सांगतात. पण घोरपड चिकटत नाही, ती नखे रुतवते. चिकटते ती आपल्या भिंतीवरची पाल. आणि तिची खरी करामत सुटण्यात आहे.

सुतारपक्षी झाडावर पालीसारखा उलटाही चालतो, असे ॲरिस्टॉटलने लिहिले आहे. म्हणजे निरीक्षण जुनेच. कारण मात्र फार उशिरा सापडले. पायात डिंक असावा, हवा शोषली जात असावी, असे तर्क झाले. अखेर २००० साली केलर ऑटम, रॉबर्ट फुल व सहकाऱ्यांनी टोके पालीच्या पायाचा एकच केस घेऊन त्याची ताकद मोजली. एका पावलावर असे सुमारे ५ लाख केस, आणि प्रत्येकाच्या टोकाला शेकडो फाटे! २००२ साली त्यांनी दाखवले की ही ओढ व्हॅन डर वाल्स बलाची आहे, म्हणजे दोन पृष्ठभाग अगदी जवळ आले की रेणूरेणूंत निर्माण होणारी. एकेक ओढ क्षुल्लक, पण संख्या अफाट. केसाचा भिंतीशी कोन साधारण ३० अंशांपुढे गेला की तो आपोआप सुटतो. म्हणून पाल बोटे टोकाकडून उलटी गुंडाळत उचलते. आमच्या घरी पाल मारत नाहीत, त्यामुळे हे पाहायला मला भरपूर वेळ मिळाला.

२००३ मध्ये मँचेस्टरच्या आंद्रे गाइम यांनी कृत्रिम केसांची पट्टी केली. थोड्याच वापरात केस एकमेकांना चिकटून ती निकामी झाली. २०१२ साली ॲमहर्स्टच्या क्रॉस्बी आणि इर्शिक यांनी केसांचा नाद सोडला. पालीच्या त्वचेखालचे कंडरे पाहून त्यांनी ताठ कापडावर मऊ रबरी थर बसवला. पोस्टकार्डाएवढ्या तुकड्याने काचेवर सुमारे ३०० किलो वजन पेलले, आणि तो अलगद निघाला.

मला यात रस का? वृद्धांची त्वचा कागदासारखी होते. चिकटपट्टी ओढली की सालपट निघते. त्याच २०१२ मध्ये लॉलिच, लँगर आणि कार्प यांनी नवजात बालकांना डोळ्यासमोर ठेवून वेगळी पट्टी सुचवली: वरचा पापुद्रा सहज सुटतो, डिंक त्वचेवर राहतो, मग तो बोटाने चोळून काढायचा. ती माझ्या टेबलावर अजून आलेली नाही. तोवर मी कोमट पाण्यात कापूस भिजवतो, आणि थांबतो.