लहरींचे गायरान

ज्यांच्या घरी लाकडी पेटीचा रेडिओ होता, त्यांना त्याच्या परवान्याचे पुस्तकही आठवत असेल. दरसाल टपाल कचेरीत जाऊन फी भरायची आणि त्यावर तिकिटे लावून घ्यायची, असा तो रिवाज होता. कारण 1933च्या बिनतारी तारायंत्राच्या कायद्यान्वये असे यंत्र परवान्यावाचून नुसते बाळगणे हाही अपराध होता. ऐंशीच्या दशकात रेडिओवरील हे बंधन सुटले. आज घरातील राऊटर लहरी केवळ ग्रहण करीत नाही, स्वतः त्या प्रक्षेपितही करतो, आणि तरीही तो भिंतीवर टांगताना आपण कोणत्याही कचेरीची पायरी चढत नाही. हे स्वातंत्र्य आले कोठून, याचा इतिहास मला फार मोलाचा वाटतो.

लहरींच्या मुलखात काही पट्टे असे होते की, ते कोणी इनाम म्हणूनही मागितले नसते. उष्णता देणाऱ्या भट्ट्या, वैद्यकीय उपकरणे आणि मायक्रोवेव्ह शेगड्या यांच्या कोलाहलासाठी ते सोडून दिलेले होते. गावाच्या कडेला गायरान असावे, तसे हे. 1985च्या मे महिन्यात अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने, मायकेल मार्कस या अभियंत्याच्या आग्रहाने, असे तीन पट्टे संदेशवहनास खुले केले. शक्ती मर्यादित ठेवावी, संदेश विस्तृत पट्ट्यावर पसरून पाठवावा आणि दुसऱ्याच्या गोंगाटाबद्दल फिर्याद करू नये, अशा मुख्य अटी. सनद लागणार नव्हती.

या गायरानावर प्रथम उतरली ती दुकानदारी. दुकानाची मांडणी बदलली की गल्ल्यावरील यंत्रांच्या तारा पुन्हा ओढाव्या लागत. ती दगदग टाळण्यासाठी एनसीआर कंपनीच्या नेदरलँड्समधील अभियंत्यांनी बिनतारी जोडणी सिद्ध केली, आणि त्यांच्यापैकीच व्हिक हेस यांनी सर्व कंपन्यांना एका प्रमाणावर आणण्याचे चिकाटीचे काम अंगावर घेतले. ते प्रमाण 1997 साली मुक्रर झाले. बोलण्यापूर्वी ऐकावे, कोणी बोलत असल्यास थांबावे, टक्कर झालीच तर थोड्या, अनियत वेळाने पुन्हा बोलावे, अशी त्याची रीत आहे. यातील पुन्हा बोलण्याची युक्ती नॉर्मन अब्रॅम्सन यांनी 1971 साली हवाई बेटांवरील संगणक रेडिओने जोडताना योजली होती. 1999 साली वेग सेकंदाला 11 मेगाबिटपर्यंत गेला, त्याच वर्षी अॅपलचे एअरपोर्ट बाजारात आले, आणि ही सोय घराच्या उंबऱ्याआत आली.

आपल्याकडे त्या तीन पट्ट्यांपैकी 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी 2005च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला. त्यानंतरची अडचण सरकारची नव्हती, भिंतींची होती.

आमच्या वाड्याच्या पांढऱ्या मातीच्या भिंती हातभर जाडीच्या. दिवाणखान्यातील राऊटरची लहर माजघराच्या दारापर्यंत पोचे आणि तेथेच विरून जाई. मी रिपीटर आणला आणि जेथे काहीच पोचत नव्हते अशा स्वयंपाकघरात तो बसवला. ही चूक पुष्कळांची होते. जे त्यालाच ऐकू येत नाही, ते तो पुढे काय सांगणार? त्याची जागा लहर अजून सशक्त असते तेथे, मधल्या उंबऱ्याशी. तेथेही एकाच पट्ट्यावर आधी ऐकायचे आणि मग तेच पुन्हा बोलायचे असल्याने वेग निम्म्यावर येतो. जाड भिंतींच्या घरात दुसरे केंद्र तारेनेच जोडावे, हे माझे मत तेव्हापासून पक्के झाले.

तार न्यायची म्हणून माळ्यावर चढलो, तर वाशांना चिनी मातीचे दोन इन्सुलेटर अजून तसेच होते आणि त्यांच्यापाशी माजघरात उतरणारे एक भोक, चिंधीचा बोळा कोंबून बुजवलेले. आजोबांच्या रेडिओची एरियल तेथून खाली येत असे. मी बोळा काढला, भुरभुर माती पडली, आणि निळी तार त्याच वाटेने खाली सोडली.