मुठीचे वेष्टन : सुरत बंदर, मराठी फिरंग आणि जपानी तलवार

तलवारीचा इतिहास लिहिणारे बहुधा पात्याचाच इतिहास लिहितात. पाते कोठे घडले, त्यावर कोणाची मुद्रा आहे, ते कोणत्या वीराच्या कमरेला होते, याची चर्चा आवडीने होते. मुठीविषयी मात्र चार ओळींपलीकडे सहसा लिहिले जात नाही. वस्तुतः शस्त्र आणि शस्त्रधारी यांची गाठ पडते ती मुठीपाशीच. घामाने हात निसटला, तर उत्तम पोलादाचे पातेही निरुपयोगी ठरते. हात निसटू नये यासाठी निरनिराळ्या देशांतील कारागिरांनी निरनिराळे उपाय शोधले. त्यांपैकी दोन उपायांचा, एक मराठी आणि एक जपानी, परिचय येथे करून द्यावयाचा आहे. या दोहोंना जोडणारे स्थळ म्हणजे तापीकाठचे सुरत बंदर.

सतराव्या शतकात सुरत हे मोगल साम्राज्याचे प्रमुख सागरी द्वार होते. इंग्रजांची वखार तेथे १६१२-१३ च्या सुमारास आणि डचांची त्यानंतर चार-पाच वर्षांच्या आत स्थापन झाली. इंग्रज व्यापाऱ्यांनी आरंभीच्या काळात सुरतेस आणलेल्या मालात तलवारींची पातीही असत. पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून युरोपीय पाती देशात येत, आणि त्यांना मूठ चढे ती येथील कारागिरांच्या हातून. परदेशी पाते आणि देशी मूठ यांच्या संयोगातून सिद्ध झालेले हे शस्त्र ‘फिरंग’ या नावाने मराठ्यांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

मराठी मुठीची रचना पाहण्यासारखी आहे. तिचा सांगाडा लोखंडी असतो. पात्याचे मागील निमुळते शेपूट मुठीच्या पोकळीत घालून तापविलेल्या लाखेने पक्के बसविले जाते. हाताच्या रक्षणासाठी पुढे रुंद पत्रा आणि बोटांवरून वळलेली परज असते. वरच्या बाजूस वाटीसारखा भाग असून फिरंगेच्या मुठीवर त्यातून एक दांडी निघते. प्रसंगी दुसऱ्या हाताने ती धरून दुहाती वार करता येतो. आतील बाजूस बोटांच्या सांध्यांना लोखंड लागू नये म्हणून कापडाची किंवा मखमलीची गादी बसवीत, आणि पकडीच्या जागी कापडाचे वेष्टनही देत. मुल्हेरी म्हणून ओळखला जाणारा मुठीचा घाट बागलाणातील मुल्हेरच्या नावाने प्रसिद्ध आहे. हे मुल्हेर सुरतेहून घाटमाथ्यावर येणाऱ्या जुन्या वाटेवरचे ठाणे. छत्रपती शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेवर स्वारी केली. दुसऱ्या स्वारीहून परतताना मराठी फौज बागलाणातूनच आली, आणि त्याच परतीत वणी-दिंडोरीची लढाई झाली.

आता जपानी मुठीकडे वळू. तेथे मुठीला ‘त्सुका’ आणि तिच्या वेष्टनाच्या कलेला ‘त्सुकामाकी’ म्हणतात. मूठ लाकडाची, साधारणतः २५ सेंटिमीटर लांब आणि दोन्ही हातांनी धरावयाची. होनोकी नावाच्या मॅग्नोलिया जातीच्या मऊ लाकडाचे दोन अर्ध आतून पात्याच्या शेपटाबरहुकूम कोरून भाताच्या चिकीने जोडतात. शेपूट लाखेने बसवीत नाहीत. मूठ आणि शेपूट यांतून आरपार जाणारी बांबूची एक खुंटी पात्याला जागेवर धरते. ती काढली की मूठ उतरते. मुठीच्या पात्याकडील टोकाला धातूची कडी आणि मागील टोकाला धातूची वा शिंगाची टोपी असते.

लाकडावर प्रथम चामडे चढते. त्याला ‘सामेगावा’ म्हणतात. शब्दाचा अर्थ शार्क माशाचे कातडे असा असला, तरी प्रत्यक्षात ते कोकणात ज्याला पाकट म्हणतात त्या जातीच्या माशाचे असते. त्याच्या पाठीवर दगडासारखे कठीण, मोत्यासारखे पांढरे दाणे असतात. मध्यभागी काही दाणे विशेष मोठे असतात, आणि चामडे लावताना ते मुठीच्या मागील टोकाजवळ दिसतील अशी योजना करतात. या खरखरीत पृष्ठावर दोरी सरकत नाही.

चामड्यावर रेशमी, सुती किंवा चामडी पट्टी गुंडाळतात. ती गोफासारखी विणलेली, सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची असते. कडीकडून टोपीकडे जाताना तिचे दोन पदर मुठीच्या दोन्ही बाजूंस एकमेकांवरून ओलांडतात, आणि मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची खिडकी उरते. तिच्यातून पांढरे दाणे दिसतात. प्रत्येक ओलांडणीखाली कागदाच्या लहान त्रिकोणी घड्या ठेवतात. त्यांनी पट्टीला उठाव येतो आणि शंकरपाळे समान राहतात. एका ओलांडणीत जो पदर वर, तो पुढच्या ओलांडणीत खाली, असा क्रम पाळल्याने ताण दोन्हीकडे सारखा राहतो. ओलांडताना पदराला पीळ दिला तर ‘हिनेरीमाकी’, चिमटून उभा केला तर ‘त्सुमामीमाकी’ आणि सपाट ठेवला तर ‘हिरामाकी’ अशी नावे आहेत. पट्टीखाली दोन्ही बाजूंस ‘मेनुकी’ नावाची धातूची लहान नक्षी बसवितात. ती शोभेची असली तरी तळव्याला आधारही देते.

या रचनेचा हेतू स्पष्ट आहे. लांब मूठ दोन्ही हातांनी धरून कापताना ती मुठीत फिरण्याचा संभव असतो. ओलांडणीचे उंचवटे तिला फिरू देत नाहीत, आणि पट्टी घाम शोषून घेते. मराठी मुठीत हेच कार्य परज, वाटी आणि गादी मिळून करतात. एका पद्धतीने हाताला वेढून धरले, दुसरीने हाताला धरण्याजोगे पृष्ठ दिले.

या जपानी मुठीचा सुरतेशी संबंध कसा पोचतो? जपानला लागणारे पाकटाचे चामडे मुख्यतः दक्षिणेकडील समुद्रांतून येई. सयामची राजधानी अयुथ्या ही त्याची मोठी पेठ होती. १६४१ पासून डच नागासाकीच्या देशिमा बेटावर व्यापार करीत. ते सयामातून हरणांची आणि पाकटांची कातडी जपानला नेत. सयामातील या खरेदीसाठी त्यांच्या हाती जो माल असे, त्यात भारतीय कापडाचा मोठा वाटा होता. ते चोळमंडळ किनाऱ्याचे तसेच सुरतेचेही असे. जपानने डचांना १६६८ मध्ये चांदी बाहेर नेण्यास बंदी केल्यावर जपानी तांब्याचे महत्त्व वाढले, आणि ते तांबे सुरतेच्या बाजारात विकले जाऊ लागले. भारतीय छापील व रंगीत कापड जपानातही ‘सारासा’ या नावाने मोलाचे ठरले. हिकोने येथील ई सरदार घराण्याचा अशा तुकड्यांचा संग्रह आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. याप्रमाणे गुजरातच्या विणकराचे श्रम, सयामच्या कोळ्याचे जाळे आणि जपानी कारागिराची बोटे एकाच व्यापारचक्रात गुंफली गेली होती. या तिघांपैकी कोणाचेही नाव तलवारीवर नाही.

पुढे दोन्ही कलांवर जवळजवळ एकाच वेळी गदा आली. जपानात मार्च १८७६ च्या आज्ञेने तलवार बाळगण्याची प्रथा बंद झाली. भारतात १८७८ चा शस्त्रांचा कायदा आला. त्याच्या दोन-तीन वर्षे आधी, १८७५-७६ च्या दौऱ्यात, कोल्हापूरच्या महाराजांकडील ‘जगदंबा’ तलवार भेटीदाखल इंग्लंडच्या युवराजाकडे गेली. ती ब्रिटिश राजसंग्रहात असून तिचेही पाते युरोपीय आणि मूठ देशी आहे. जपानात वेष्टनाची कला मर्यादित स्वरूपात टिकली. पट्टी झिजणारच, काही पिढ्यांनंतर ती नव्याने गुंडाळावयाचीच, हे तेथे गृहीत असल्यामुळे गुंडाळणाऱ्याची गरज संपली नाही. मराठी मुठीच्या गादीचे तसे झाले नाही. ती कुजली, काढून टाकली गेली, आणि कशी होती याची नोंदही उरली नाही.

म्हणून महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात मिळविलेल्या रघुजी भोसले यांच्या तलवारीकडे या दृष्टीनेही पाहिले पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईस आली. युरोपीय पाते, त्यावर सोन्याने कोरलेला देवनागरी लेख, मुठीवर सोन्याची नक्षी, या गोष्टींची वर्णने वृत्तपत्रांतून आली. परंतु त्या मुठीच्या पकडीवर हिरव्या कापडाचे वेष्टन आहे. जाणत्यांनी तेही तितक्याच आदराने पाहावे.

अनेक मराठी घरांत खंडेनवमीस जुनी तलवार बाहेर निघते. पात्याला तेल लावावे, परंतु मुठीच्या कापडाला लावू नये. तेलाने कापड धूळ धरते आणि कुजते. लाखेची मूठ विस्तवाजवळ नेऊ नये, ती ढिली होते. जीर्ण गादीचा तुकडा निघाला, तर तो फेकण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि तुकडा कागदी पाकिटात घालून त्यावर तारीख लिहावी. ग्रंथालयांत जुन्या पोथीची बांधणी बदलताना मूळ पुठ्ठा आणि दोरा जपून ठेवणारे ग्रंथपाल असतात. त्यांच्या या सवयीचे मोल वाचकांना निराळे सांगावयास नको. तलवारीच्या मुठीलाही तेवढाच न्याय मिळावा.