नवानंतर एक दहा

मंडळी, मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला, भाषा शिकवून निवृत्त झालेला मास्तर. गणित हा माझा प्रांत नव्हे. तरीही एका गणितवेड्या मास्तरांविषयी आज लिहावेसे वाटते आहे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे देवळालीला शाळेत शिकवत राहिले. पदव्युत्तर शिक्षण नाही, हाताशी यंत्र नाही. होता तो कागद, पेन्सिल आणि अंकांचा नाद.

जीआयपी रेल्वेच्या डेमलो नावाच्या स्थानकावर त्यांना काही संख्यांची गंमत सुचली, म्हणून त्यांनी त्यांना 'डेमलो संख्या' म्हटले. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. असे करत नऊ एकांचा वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. नवापर्यंत चढायचे, तसेच उतरायचे! पण या देखण्या संख्येचे तुकडे सहज पडतात. ३, ३७ आणि ३३३६६७ हे तीनच मूळ अवयव पुन्हा पुन्हा गुणले की ती तयार.

आता नवानंतर एक दहा घाला आणि मग पुन्हा नवावरून उतरा: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. वीस अंक झाले. ही संख्या कापरेकरांची नव्हे, पण त्यांच्या गोतावळ्यात शोभेल अशी. आणि ही चक्क मूळ संख्या आहे! एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही.

हे हाताने तपासायचे तर साधारण ३५१ कोटींपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावे लागेल. असे भागाकार सोळा कोटींहून अधिक. मिनिटाला एक केला, रात्रंदिवस केला, तरी तीनशे वर्षे पुरणार नाहीत. आज संगणक युक्तीने हेच क्षणात सांगतो.

'याचा उपयोग काय?' हा प्रश्न आमच्या लातूर-नांदेडकडे लगेच येतो. इथे गणित म्हणजे प्रवेशपरीक्षेचे गुण. पालकांचे चुकते असेही नाही. कोरडवाहू घरातले पोर त्याच गुणांवर डॉक्टर होते. उपयोगही आहेच. १९७७ च्या आरएसए पद्धतीत गुप्त संदेशांचे कुलूप प्रचंड मूळ संख्यांवरच बेतलेले आहे.

पण कापरेकरांनी उपयोग पाहून आकडे मांडले नाहीत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा ते सत्तरीचे होते. तोवर दाद मिळो न मिळो, मांडणे चालूच होते. वर्गातले एखादे पोर परीक्षेत न येणारे गणित वहीच्या मागच्या पानावर मांडत बसले, तर शिक्षकांनो, ते पान फाडू नका. आधी वाचून पाहा.